भोंगा नव्हे, हाळी

कळवा पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एका चाळीत माझी मावशी राहायची. वर पत्रे, मागे पारसिकचा उतार, पुढे नाला. एका जुलैत दुपारी मी तिच्याकडे अडकलो होतो. पाऊस असा, की समोरासमोर बसूनही ओरडल्याशिवाय बोलता येत नव्हतं. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर एक जीप आली. टपावर कर्णा, आत कुणीतरी माइकवर काहीतरी सांगत होतं. आमच्यापर्यंत त्यातला एकच शब्द पोचला: पाणी. मावशी ताडकन उठली. हंडा, कळशी, दोन बादल्या आणि शेवटी चहाचं पातेलंसुद्धा तिने भरून ठेवलं. शेजारच्या चार घरांतही भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. कर्णा लावून गाडी फिरते ती एक तर निवडणुकीची, नाही तर पाणी बंद राहणार असल्याची, हा सगळ्यांचा अनुभव. अर्ध्या तासाने एक पोरगा चिंब भिजून वर धावत आला, तेव्हा खरं काय ते कळलं. नाल्याचं पाणी चढतंय, खालच्या रांगेतल्या लोकांनी शाळेत जावं, असं ती गाडी सांगत होती.

त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नाही. मावशीची मात्र पुढे कित्येक वर्षं थट्टा झाली आणि त्यात मीही होतो. १९ जुलै २०२१ रोजी त्याच कळवा पूर्वेत, घोलाईनगरला, दरड घरावर आली आणि पाच माणसं गेली. तेव्हापासून ती थट्टा माझ्याच्याने होत नाही. कर्णा मोठा असता तर ती माणसं वाचली असती असा दावा मी करणार नाही. दरड सांगून येत नाही. पण ज्या संकटांत सांगायला वेळ असतो, तिथेही आपण सांगू शकत नाही, ही गोष्ट मला त्या पातेल्यापासून टोचते आहे.

म्हणून हा प्रश्न. होमगार्ड, नागरी संरक्षण दल, प्रादेशिक सेना आणि ठाणे महापालिकेचं टीडीआरएफ, म्हणजे आपत्ती प्रतिसाद दल, अशा राखीव आणि आपत्कालीन दलांना लांब पल्ल्याची ध्वनियंत्रं सार्वजनिक पैशातून द्यावीत का? माझं उत्तर 'द्यावीत' असं आहे. फक्त आज ज्या रूपात ती बाजारात मिळतात त्या रूपात नव्हे, आणि ज्या घाईने आपण सरकारी खरेदी करतो त्या घाईनेही नव्हे.

आधी यंत्राबद्दल. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात अमेरिकी नौदलाच्या 'कोल' या युद्धनौकेवर स्फोटकांनी भरलेली छोटी बोट आदळवण्यात आली. जवळ येणारी बोट मच्छीमाराची की हल्लेखोराची, हे गोळी झाडण्याआधी कसं ठरवायचं, असा पेच नौदलापुढे उभा राहिला. त्यातून एलआरएडी (लाँग रेंज अकूस्टिक डिव्हाइस) हे यंत्र पुढे आलं. दिसायला चपटी, जाड थाळी. तिच्यात छोटे छोटे ध्वनिस्रोत एकाच तालात कंप पावतात, त्यामुळे आवाज चौफेर न पसरता विजेरीच्या झोतासारखा एका दिशेला जातो. 'थांबा, कोण आहात' असं समुद्रावर पार लांबून विचारता येतं. आपल्या नौदलाकडेही अशी यंत्रं आहेत. लांबच्या बोटीला अशी साद घालण्याला खलाशी इंग्रजीत 'हेलिंग' म्हणतात. आपल्याकडे त्याला हाळी म्हणतात, आणि या शेतातून त्या शेतात हाळी द्यायला आपल्या आज्यांना थाळी लागत नव्हती, हा भाग वेगळा.

हाळीत आणि भोंग्यात फरक आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्या फरकावर उभं आहे. भोंगा काहीतरी झालंय एवढंच सांगतो. काय झालंय, कुठे जायचं, घरात थांबायचं की बाहेर पळायचं, हे तो सांगत नाही. गिरणीच्या भोंग्याला ते सांगावं लागत नसे, कारण पाळी सुरू झाली की संपली हे कामगाराला घड्याळावरून माहीत असायचं. वागळे इस्टेटमधल्या जुन्या कामगारांना विचारा. संकटाला घड्याळ नसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतल्या माउईवर लाहैना हे गाव जळून गेलं. शंभरच्या आसपास माणसं मेली. त्या बेटावर ८० भोंगे होते आणि त्यांतला एकही वाजवला गेला नाही. तिथल्या आपत्ती विभागाच्या प्रमुखाने दिलेलं कारण ऐकण्यासारखं होतं: हा भोंगा लोक त्सुनामीचा म्हणून ओळखतात, वाजवला असता तर ते डोंगराकडे पळाले असते, आणि आग तिकडेच होती. हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. त्याचा निर्णय चूक की बरोबर यावर वाद झाला आणि होत राहील. पण त्याच्याकडे 'समुद्राकडे पळा' हे दोन शब्द गावभर पोचवणारं साधन असतं, तर हा पेच त्याला पडलाच नसता.

भोपाळची गोष्ट आपल्या जवळची. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्याचा बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजला आणि बंद केला गेला. लोक घराबाहेर पडले ते डोळ्यांची आग होऊ लागल्यावर. पळाले ते वाऱ्याबरोबर, म्हणजे विषाच्याच दिशेने. तोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याला आडवं निघा, एवढं सांगणारं कुणी नव्हतं.

हे ठाण्यात वाचताना अंगावर काटा यायला हवा. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी रसायनांची रांग आहे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले. काही किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा वेळी आपण काय करतो? गच्चीवर जाऊन मोबाइलमध्ये धूर टिपतो. रसायनाच्या आगीत 'घरात जा, खिडक्या लावा' असं सांगावं लागतं. इमारत धोक्यात असेल तर नेमकं उलट, 'बाहेर पडा'. एकच भोंगा या दोन्ही आज्ञा कशा देणार?

मोबाइल आहे की, असं कुणीही म्हणेल. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकाच वेळी किंचाळले होते ती चाचणी आठवत असेल. ती व्यवस्था चांगली आहे, ती हवीच. पण २६ जुलै २००५ ज्यांना आठवतो त्यांना हेही आठवत असेल, की त्या संध्याकाळी फोन ही सगळ्यात आधी दगा देणारी वस्तू होती. आणि २७ जुलै २०१९. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. आत हजारावर प्रवासी, रूळ पाण्याखाली, पहाटेपासून खोळंबलेली गाडी. गाडीतून उतरू नका, गाडी सुरक्षित आहे, असं आवाहन रेल्वेने ट्विटरवर केलं. आवाहन अगदी बरोबर होतं. पण रात्रभर वापरून फोनची बॅटरी संपलेल्या, लेकराला कडेवर घेतलेल्या कोल्हापूरच्या बाईने ते कुठे वाचायचं? एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, बोटी आणि नौदलाची हेलिकॉप्टरं आली, सगळे सुखरूप बाहेर आले. सुदैव थोडं आणि हिंमत बरीच. मधल्या तासांत काठावरच्या कोरड्या जागेवरून दर अर्ध्या तासाने स्पष्ट मराठीत आणि हिंदीत 'आम्ही आहोत, बोटी निघाल्यात, उतरू नका' एवढं जरी ऐकू आलं असतं, तरी त्या डब्यांमधली घालमेल निम्मी झाली असती.

आता ज्या आक्षेपाला मी हलकं घेणार नाही तो. हे यंत्र फक्त बोलत नाही. माइकऐवजी एक बटण दाबलं की ते कर्कश, टोचणारा स्वर सोडतं. एका मोठ्या मॉडेलचा आवाज एक मीटरवर १५३ डेसिबल असल्याचं कंपनी सांगते. कान दुखायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. २००९ मध्ये पिट्सबर्गला जी-ट्वेन्टी परिषदेच्या वेळी ते निदर्शकांवर रोखलं गेलं. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही तेच केलं. कानांना इजा झालेल्यांनी दावा लावला, आणि हा बळाचा गैरवापर ठरू शकतो असं तिथल्या अपील न्यायालयाने २०१८ मध्ये मानलं. २०२१ मध्ये शहराने तडजोड केली, साडेसात लाख डॉलरच्या जवळपास रक्कम मोजली आणि तो कर्कश स्वर वापरणार नाही असं पोलिसांनी कबूल केलं. बोलण्यासाठी यंत्र वापरायला मनाई झाली नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चाच्या वेळी दिल्लीच्या सीमेवर हीच यंत्रं आणल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे पुराच्या नावाने घेतलेली थाळी मोर्चापुढे उभी राहणार नाही, याची हमी कुणी तोंडी देऊ नये. होमगार्ड तर पुरालाही जातात आणि बंदोबस्तालाही. यंत्र त्याच गोदामातून निघणार.

म्हणून माझी अट साधी आहे आणि ती निविदेतच लिहिली पाहिजे. राखीव दलांच्या यंत्रात तो स्वर नकोच. नंतर वापरू नका अशी सूचना नको, बटणच नको. आवाजाला वरची मर्यादा बांधलेली असावी, जवळ माणूस असताना ती आपोआप खाली यावी. प्रत्येक वापराची तारीख, वेळ, जागा आणि काय बोललं गेलं याची नोंद यंत्रातच राहावी आणि पावसाळ्यानंतर ती नागरिकांना बघायला मिळावी. हे मान्य नसलेला विक्रेता आपल्या कामाचा नाही. न्यूयॉर्कने लाखो डॉलर मोजून जे शिकलं ते आपल्याला फुकट शिकता येतंय, तर का सोडावं?

आवाजाच्या बाबतीत ठाण्याला शिकवायला कुणी येऊ नये खरं तर. ध्वनिप्रदूषणाविरुद्ध ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकरांनी उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने नियम काटेकोर पाळायला बजावलं. डीजेच्या भिंतींपुढे छातीत धडधडून घेतलेलं हे शहर आहे. नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल सांगतो, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद त्याच नियमात आहे. त्यामुळे कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती विश्वासाची. एप्रिल २०२२ मध्ये भोंग्यावरून जे राजकारण तापलं, त्यातली एक मोठी सभा ठाण्यातच झाली होती. तेव्हापासून इथे 'भोंगा' म्हटलं की माणूस आधी बोलणाऱ्याचा पक्ष शोधतो. म्हणूनही मला हा शब्द नको आहे.

डेसिबलच्या आकड्यांनी मात्र भुलू नये. कंपनी मोठ्या यंत्राचा पल्ला तीन किलोमीटर सांगते, तो मोकळ्या, शांत जागेतला. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे तर गणितच आहे. वर वारा, पाऊस आणि घोडबंदर रोडच्या टॉवरांवर आपटून परत येणारे प्रतिध्वनी. शब्द कळतो तो त्यातल्या व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं उंच पट्टीच्या, नाजूक ध्वनींत राहतात. विसर्जनाच्या दिवशी ढोलाचा ठोका तीन गल्ल्या ओलांडून येतो, पण मंडळाचा निवेदक काय म्हणतोय ते कोपऱ्यावर उभं राहूनही कळत नाही, ते याचमुळे. माझ्या मावशीला 'पाणी' ऐकू आलं आणि 'चढतंय' गळून गेलं, तेही याचमुळे. तेव्हा मुख्यालयाच्या आवारात उभं करून फोटो काढायला एक भलंमोठं यंत्र घेण्याऐवजी, दोन माणसांनी उचलून नेता येतील अशी, बॅटरीवर चालणारी, दोनतीनशे मीटरवर स्वच्छ बोलणारी बरीच लहान यंत्रं घ्यावीत. कळवा, मुंब्रा, दिवा, येऊरच्या पायथ्याच्या वस्त्या, नवी मुंबईत बेलापूरच्या टेकडीखालच्या झोपड्या आणि रसायनपट्टा. जिथे लागणार तिथेच पावसाळाभर राहतील अशी.

आणि ती राखीव दलांकडेच का? कारण पहिल्या दोन तासांत तेच येऊ शकतात. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरेला, राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. मुंब्र्याच्या गल्लीत रात्री दोन वाजता पोचणार तो टीडीआरएफचा जवान, तिथलाच होमगार्ड, 'आपदा मित्र' या सरकारी स्वयंसेवक योजनेत प्रशिक्षण घेतलेला पोरगा. होमगार्ड ही संघटना डिसेंबर १९४६ मध्ये आपल्याच मुंबई प्रांतात उभी राहिली. तिला आपण आजही मानसेवी म्हणतो आणि मान सोडून बाकी फारसं काही देत नाही. अमेरिकेत नॅशनल गार्ड आणि राखीव दलांच्या सामानासाठी तिथली संसद वेगळा निधी मंजूर करते. मुख्य सैन्याने वापरून टाकलेल्या वस्तू राखीव जवानाच्या गळ्यात पडू नयेत, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे राखीव म्हणजे उरलंसुरलं, अशी समजूत आहे.

पैसा नाही असं मात्र कुणी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी घालून दिली, तिच्यात दहा टक्के पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी आणि वीस टक्के धोका कमी करण्यासाठी ठेवले. ही तरतूद नेमकी अशाच कामाची. मे २०२५ मध्ये, देशभर मॉकड्रिल झालं त्याच आठवड्यात, केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना नागरी संरक्षणाच्या १९६८ च्या नियमांतले विशेष अधिकार वापरून तातडीची खरेदी करता येईल असं कळवलं. मला भीती वाटते ती इथे. तातडीच्या खरेदीत भोंगे येतात, कारण भोंगा उद्घाटनाला वाजवून दाखवता येतो. माणसाचं प्रशिक्षण वाजवून दाखवता येत नाही. जितका पैसा यंत्राला तितकाच पुढच्या पाच वर्षांच्या बॅटऱ्या, दुरुस्ती आणि दरमहा सरावाच्या भत्त्याला बांधून ठेवलेला नसेल, तर ही खरेदी करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्लास्टिक न काढलेली यंत्रं गंजत पडण्यापेक्षा मावशीच्या शेजारचा धावणारा पोरगा बरा.

एक गोष्ट मात्र पैशाने सुटणारी नाही, ती आपल्या भाषेची. सरकारी मराठी हाळी देऊ शकत नाही. 'नागरिकांनी सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे असे आवाहन करण्यात येत आहे.' पावसात हे ओरडून बघा. 'स्थळी स्थलांतरित' इथेच जीभ अडखळेल आणि ऐकणाऱ्याला 'येत आहे' एवढंच ऐकू जाईल. मग काय येत आहे, याची चर्चा सुरू. २०११ च्या त्सुनामीत जपानमधल्या ओआराई गावाने ध्वनिक्षेपकावरची नेहमीची अदबीची भाषा सोडून सरळ हुकुमाची भाषा वापरली: उंचावर पळा. जपानी माणसासारख्या अदबशीर माणसाला ते ऐकून धक्का बसला असणार, आणि तोच उपयोगी पडला. आपली मूळ मराठी तर हुकुमाला कधीच लाजत नव्हती. दवंडी पिटणारा 'ऐका हो ऐका' म्हणून सुरू करायचा, आधी कान ओढून घ्यायचा, मग मोजक्या शब्दांत सांगायचा. 'घर सोडा. वर चढा. शाळेत या.' 'खिडक्या लावा. ओलं फडकं तोंडावर धरा.' दोनतीन शब्दांची वाक्यं, मध्ये श्वास, तीनदा. मराठीत, हिंदीत, मुंब्र्यात उर्दू वळणाने, खाडीकाठच्या गावांत आगरी कोळी बोलीत. ही वाक्यं आत्ता, कोरड्या दिवसांत लिहून, म्हणून, त्या त्या वस्तीतल्या माणसांना ऐकवून ठरवायला हवीत. आणि बोलणारा आवाज ओळखीचा असावा. वस्तीतल्या होमगार्ड बाईने 'अगं, उठा' म्हटलं तर माणसं उठतात. रेकॉर्ड केलेल्या गोड आवाजाला आपण रेल्वे स्टेशनवर इतकी वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकलोच आहोत.

चाचणीबद्दल एक मागणी, आणि ती मी सोडणार नाही. चाचणी मैदानावर, मंडपात, पाहुण्यांसमोर नको. खाडीकाठी फ्लेमिंगो असताना तर मुळीच नको. जुलैतली एखादी मुसळधार रात्र निवडावी. यंत्र खालच्या रस्त्यावर, बोलणारा तिथलाच, आणि अधिकारी व विक्रेता दोघांनीही वरच्या चाळीत पत्र्याखाली जाऊन बसावं. निरोप तीनदा सांगून झाला की घरातल्या बाईला विचारावं, काय ऐकलं तुम्ही? ती जर हंडा शोधायला लागली, तर यंत्र त्याच गाडीतून परत पाठवावं.